एका फुलामागं बारा महिने

मी आयुष्यात फोटो काढले ते मोजून नऊ. त्यातल्या सहांमध्ये काय आहे ते मला आजही सांगता येत नाही. एकात बायकोचं लुगडं आणि पावलं आहेत, डोकं नाही. एकात मी स्वतः आहे, म्हणजे माझा अंगठा आहे. नववा तेवढा चांगला आला, आणि इतका चांगला आला की एका सज्जन माणसाच्या पोटावर पाय यायची वेळ आली. ही त्या नवव्याची हकिकत.

मी तेव्हा बीडला तहसिलीत नकलनवीस होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सरकारी कागदांच्या हुबेहूब नकला करायच्या, हे काम. मुळात नसलेला एक नुक्ता, म्हणजे टिंब, जरी जास्त पडला तरी वरचे पेशकार चष्म्यावरून बघायचे. दिवसभर असं दुसऱ्याच्या अकलेनं चालल्यावर संध्याकाळी माणसाला स्वतःची थोडी भर घालावीशी वाटते. मला फारच वाटायची. बाजारातून भाजी आणली तरी तिची हकिकत मी अशी सांगायचो की बायको पिशवी रिकामी करत म्हणायची, "अवो, वांगी आनली का वाघ मारला?"

तशात माझ्या हाती कॅमेरा पडला. माझे मामा सोलापुरात एका फोटोवाल्याकडं कामाला होते. मालकानं नवं यंत्र घेतलं, जुनं मामांना दिलं आणि मामांनी ते माझ्याकडं धाडलं. लाकडी पेटी, तीन पायांची घोडी, डोक्यावर घ्यायचा काळा बुरखा आणि डझनभर काचा. सोलापूर इंग्रजी मुलखात, आमचा मुलूख निजामाचा. सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं पेटी उघडायला लावली, बुरख्यात डोकं घातलं आणि मागच्या काचेवर त्याला समोरचा बैल चारी पाय वर करून उभा दिसला. त्यानं पेटी लगेच सोडून दिली. मात्र त्या गडबडीत तीन काचा फुटल्या. उरल्या नऊ, आणि एका काचेवर एकच फोटो.

आठ काचा मी चार महिन्यांत संपवल्या. नववी जपून ठेवली होती. तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, कधीतरी आपण होऊन म्हणतील, 'अहो, आमचा एक फोटो काढा,' या आशेवर. साहेब काही म्हणाले नाहीत. त्यांचा माळी आला.

माळीमामा तालुकदारसाहेबांच्या बंगल्यावर होते आणि राहायला आमच्या शेजारी. पन्नाशी उलटलेली, अंगानं बारीक, बोलणं कमी. बायको वारलेली. एकुलती लेक औरंगाबादला दिलेली, म्हणजे बैलगाडीनं चार दिवसांची वाट. त्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली होती आणि मामांनी अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. बंगल्याची झाडं सोडून आठ दिवस जायला रजा कोण देतो? ते आले ते दारातच उभे राहिले.

"कारकूनसाहेब, तुमची ती तीन पायाची पेटी चालती का अजून?"

"चालते म्हणजे काय! बसा की मामा."

"न्हाई चालत," आतून बायको म्हणाली. "म्हंजी चालती, पर डोस्कं खाती. माझं खाल्लं."

माळीमामांनी सांगितलं ते असं. औरंगाबादच्या सरकारी बागेत मोठ्या माळ्याची जागा निघाली होती. सगळ्या बागांवरचे साहेब, ज्यांना मोहतमीम म्हणत, त्यांनी अर्ज मागवले होते आणि अर्जासोबत आपल्या हातच्या कामाचा नमुना दाखवावा अशी अट होती. औरंगाबादचे माळी आपली कुंडी उचलून साहेबांच्या कचेरीत नेऊन ठेवतील. बीडच्या माळ्यानं काय करावं?

"गुलदाऊदी, म्हंजी मोठी शेवंती, लावलीया म्या," मामा म्हणाले. "सगळ्या कळ्या खुडून येकच ठिवली. परवा उमललीया. गाडीत घातली तर पाडळशिंगीपोतर बी पाकळी ऱ्हायची न्हाई. म्हनून म्हनलं, तिचा फोटू धाडावा. ती जागा घावली तर लेकीच्या गावात ऱ्हाईन मी."

फूल बघायला मी बंगल्यावर गेलो आणि कुंडीपुढं उकिडवाच बसलो. पांढरं शुभ्र, जवारीच्या लहान भाकरीएवढं, आणि पाकळ्या एकीवर एक अशा वळलेल्या की मोजायला बसलं तर जेवण राहून जाईल. असं फूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. नववी काच त्या फुलाला द्यायची हे मी तिथल्या तिथं ठरवलं. तालुकदारसाहेबांचं नशीब त्यांच्यापाशी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मामांनी कुंडी दोन्ही हातांत धरून, लेकरू आणावं तशी, आमच्या अंगणात आणली. मी ती भिंतीपुढं ठेवली आणि बुरख्यात शिरलो. काचेवर काहीच दिसेना. भिंत चुन्याची पांढरी, फूल पांढरं. देठावर नुसता चुना फुलल्यासारखा.

"मागं काहीतरी काळं पाहिजे," मी बुरख्यातून म्हणालो. "तुझी चंद्रकळा आण बरं."

"माझी चंद्रकळा चिखलात टांगायला न्हाई घेतली म्या," बायको म्हणाली. "घोंगडी हाय की. काळीभोर हाय. ती टांगा."

"घोंगडी ब्येस व्हईल," मामा म्हणाले.

इथं मी ऐकलं असतं तर ही हकिकत लिहायला मला काही उरलं नसतं. पण मला वाटलं, सरकारी बागांच्या साहेबांना घोंगडी दाखवायची? मला एकदम आजोबांची आठवण झाली.

माझे आजोबा चितारी होते. नेकनूरपासून घाटनांदुरापर्यंतच्या देशमुखांच्या बैठका आणि देवळांच्या भिंती त्यांनी रंगवल्या. वारल्यावर त्यांचे कुंचले आणि वाट्या चुलत्यांकडं गेल्या आणि आमच्या वाट्याला आला एक पडदा. जाड खादीचं कापड, त्याला चिंचोक्याची खळ देऊन त्यावर रंगवलेलं, पुरुषभर उंच आणि त्याच्या दुप्पट लांब. हा पडदा म्हणजे आजोबांचा नमुना. तट्टावर टाकून गावोगाव न्यायचा, गिऱ्हाइकाच्या अंगणात उलगडायचा, आणि त्यानं काठीनं दाखवायचं: हे झाड एक, ते फूल चार ठिकाणी, हे पोपट दोन. म्हणून आजोबांना येत होतं ते सगळं त्यात होतं. नुसतं ओळीनं मांडलं तर बाजारासारखं दिसेल, म्हणून त्यांनी त्याची बाग केली होती. मधोमध तळं, तळ्यात कमळं, काठावर केळी, पलीकडं आंबा, पळस, मोगऱ्याचा वेल, शेवंतीचे ताटवे. मला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही, पण आपण कुणाचे नातू आहोत हे मी लोकांना पडदा न उलगडताही सांगत असे. पडदा दसऱ्याला झटकायचा आणि परत आढ्याला बांधायचा, एवढाच आमचा संबंध.

तो मी अंगणात दोरीवर टांगला. मामा पुढं झाले, हात मागं बांधून उभे राहिले, आणि मी वाहवा ऐकायला तयार झालो.

"ही केळ हाय का?"

"हो तर."

"हिला फांद्या फुटल्यात."

मी पाहिलं. फुटल्या होत्या. दोन.

"आन् ह्या आंब्याला मोहोर बी हाय आन् पिकला आंबा बी हाय. हितं तळ्यात कमळ, तितं पळस फुललाय, ह्ये शेवंती. ह्यो म्हैना कंचा म्हनायचा?"

"मामा, हे चित्र आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला सगळं एकदम लागतं."

"लागू द्या की. पर माज्या फुलामागं कावून?"

मी त्यांना समजावलं की कॅमेऱ्यात पुढचं स्पष्ट येतं आणि मागचं धूसर. केळ आहे का वड आहे, कुणाला कळणार नाही, नुसतं हिरवंगार वाटेल. मामांना पटलं नव्हतं. पण ज्याच्याकडं पेटी आहे त्याच्याशी किती वाद घालायचा, असा चेहरा करून ते बाजूला झाले.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण पडद्याची खालची किनार दिसत होती, म्हणून मी तिच्यापुढं माती ओढली. मातीवर दूर्वा लावल्या. मग कुंडी वाईट दिसायला लागली, म्हणून तिच्याभोवती दगड रचले.

"कुंडी कावून झाकताय? कुंडीत वाढवलंय म्या ते."

"दिसायला बरं, मामा."

"कुनाला?"

मी बुरख्यात शिरलो. पेटीच्या भिंगावरची पितळी टोपी काढून दहा आकडे मोजायचे होते. मी दोघांनाही श्वास रोखायला सांगितला, ज्याची काही गरज नव्हती, कारण दोघंही फोटोत नव्हते. तरी मामांनी रोखला. फूल जागचं हललं नाही. आकडा सातवर गेला आणि वाऱ्याची बारीक झुळूक आली. फूल होतं जाड देठावरचं आणि जड, ते ढिम्म. पडदा मात्र हलला. दहाला मी टोपी बसवली आणि मामांनी श्वास सोडला.

धान्याच्या खोलीत दार लावून, लाल कंदिलाच्या उजेडात, बायकोच्या परातीत औषध ओतून मी ती काच धुतली. (परात तिनं नंतर परत घेतली नाही.) मग कागदावर उन्हात उतरवली. आणि काय सांगू! त्या काचांचा एक गुण होता. निळं पांढरं यायचं आणि तांबडं काळं. आजोबांचं आभाळ असं निळंशार होतं की डोळे चुरचुरावेत, ते पार धुऊन गेलं आणि पावसाळी आभाळासारखं फिकं झालं. भडकपणा सगळा गेला. पडदा हलला होता ना, त्यानं तळ्यावर लाटा आल्या, केळीची पानं वाऱ्यावर डोलू लागली. आणि ह्या सगळ्यापुढं, दूर्वांतून वर आलेलं, मामांचं ते फूल. एकेक पाकळी मोजून घ्यावी.

बायकोनं फोटो हातात घेतला. पडदा टांगायला तिनंच दोरी धरली होती.

"अगंबाई! ही बाग कंची?"

मला दुसरं प्रशस्तिपत्र नको होतं. मामांनी मात्र फोटो उन्हाला धरून पुष्कळ वेळ पाहिला.

"फूल ब्येस आलंय," ते म्हणाले. मग बोट मागं नेलं. "पर ह्ये मागलं लई खरं दिसतंय."

"त्यातच तर सगळी मजा आहे, मामा!"

अर्ज उर्दूतून करायचा होता. तो मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिला. मामांनी सांगितलं तेवढंच: नाव, गाव, किती वर्षं नोकरी, फूल आपल्या हातचं आहे. एक अक्षर खोटं नव्हतं. पण कागदाच्या तळाशी चार बोटं जागा उरली. नकलनविसाला स्वतःच्या मनानं लिहायला चार बोटं कधी मिळतात? मी लिहिलं, 'बाकी हुजुरांच्या ध्यानात फोटोवरून येईलच.'

आलं.

पौषात उत्तर आलं. मामा ते घेऊन तहसिलीच्या व्हरांड्यात आले आणि मी वाचू लागलो. पहिली ओळ मोठ्यानं वाचली: 'फूल अव्वल दर्जाचं आहे.' दुसरी अर्धीच मोठ्यानं वाचली. पुढचं मनातच वाचलं.

मोहतमीमसाहेबांनी फोटो भिंगाखाली धरला होता. त्यांना मागं कमळ दिसलं, पळस दिसला, शेवंती दिसली, एकाच आंब्याला मोहोर आणि पिकलं फळ दिसलं. आपल्या सगळ्या नोकरीत अशी बाग पाहिली नाही, बारा महिन्यांची झाडं एका वेळी फुलवायची ही तरकीब काय आहे ते आपण स्वतः येऊन पाहू, पुढच्या महिन्यात दौरा बीडवरून आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एक वाक्य: 'तालुकदारसाहेबांनाही कळवलं आहे, की आपल्या माळ्यानं केलेली ही करामत त्यांनीही आमच्यासोबत पाहावी.'

"काय म्हंत्यात?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं. ते पायरीवर बसले. औरंगाबाद राहू द्या. साहेबांना फसवलं म्हणून हातातली बंगल्याची नोकरीही आता जाणार, हे दोघांनाही एकदमच कळलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी रोज एक नवी युक्ती घेऊन मामांकडं जायचो. पाली गावाच्या बाजूला बिंदुसरा नदीच्या डोहात कमळं मिळतात का पाहू. आंब्याची डहाळी आणून सुतळीनं बांधू. पळसाचं मी बघतो. बायको दळण पाखडता पाखडता ऐकत होती.

"आन् केळीला फांद्या कोन बांदनार?" ती म्हणाली. "तुमीच हुबे ऱ्हावा हात पसरून."

मामा हसले नाहीत. त्यांचं बोलणं आधीच कमी, ते आता संपलंच होतं. शेवटी एक दिवस ते बोलले, तेही माझ्याकडं न बघता.

"कारकूनसाहेब, जवा मी फूल आनलं तवा ते खरं व्हतं. कुंडी बी खरी व्हती. तुमी त्येला खोट्यात नेऊन हुबं केलं. आता साहेब म्हनंल, बाग खोटी तर फूल बी खोटं. त्येला काय जवाब द्यायचा मी?"

मी म्हणालो, "मामा, साहेबांना मी सांगतो. सगळं. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नगा," आतून बायको ओरडली. "लई येळ लागंल. साहेब म्हातारा हाय म्हंत्यात."

साहेब खरंच म्हातारे होते. लांब शेरवानी, पांढरी दाढी, खिशात भिंग. बंगल्याच्या आवारात मोटारीतून उतरले. सोबत येणारे तालुकदारसाहेब मात्र ऐनवेळी एका मोजणीच्या भांडणात अडकून गेवराईला गेले होते. त्या भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मी आजही मनातून दुवा देतो. समोर बाग होती ती अशी: विहीर, पेरूची चार झाडं, मोगऱ्याचं आळं, तगर, आणि गुलदाऊदीच्या कुंड्या. त्यांतली फुलं केव्हाच संपली होती आणि मामांनी झाडं वितीवर कापून टाकली होती. म्हणजे बाग नाही ती नाहीच, ज्याच्यासाठी एवढं झालं ते फूलही दाखवायला नाही. मामा हात जोडून उभे होते.

साहेबांनी चहूकडं पाहिलं.

"तालाब कां है?"

मी पुढं झालो. सांगायला जे तयार केलं होतं त्यातलं एक वाक्य आठवेना. "हुजूर," मी म्हणालो, "तालाब मेरे घर में है। आढ्याला बांधलाय."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "चलो."

घरी येऊन मी पडदा सोडायला गेलो. माझ्यानं गाठ सुटेना, ती मामांनी सोडली. अंगणात पडदा उलगडला आणि आजोबांचं ते निळंशार आभाळ साहेबांच्या तोंडावर आलं. ते एक पाऊल मागं सरले. खिशातून माझा फोटो काढला, एकदा त्याच्याकडं, एकदा पडद्याकडं पाहिलं. बायको दाराआडून बघत होती.

"कपड़ा है," साहेब म्हणाले.

"जी हुजूर. कुसूर मेरा है। माली का नहीं. ते घोंगडीच म्हणत होते."

घोंगडीचं त्यांना काही कळलं नाही. ते मामांकडं वळले. आवाज थंड होता.

"माली, तुमने ये देखा था?"

"देखा साहेब."

"फिर बोले कैकू नहीं?"

"बोललो व्हतो," मामा म्हणाले. "ह्यास्नीच बोललो. केळीला फांद्या नसत्यात, म्हनलं."

साहेब थांबले. "और क्या बोले?"

"म्हैना कंचा, म्हनलं."

साहेबांनी भिंग काढलं आणि पडद्याजवळ गेले. "आओ. बताओ. एक-एक बोलो, इसमें ग़लत क्या-क्या है."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मामा पडद्यापुढं उभे राहिले आणि बोलू लागले. मी त्यांना वर्षभरात जेवढं बोलताना ऐकलं नव्हतं तेवढं ते त्या तासाभरात बोलले. आंब्याचा मोहोर असा वरून लोंबत नाही, डहाळीच्या शेंड्यावर उभा असतो. कमळाची पानं पाण्याला चिकटलेली दाखवलीत, ती थोडी वर उचललेली पाहिजेत. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान ठेवत नाही, ह्याला पानं आहेत. मोगऱ्याच्या पाकळ्या जास्त झाल्या. कोणतं झाड कोणत्या महिन्यात, त्याला पाणी कधी तोडायचं, छाटणी कधी, खत कशाचं, सगळं. साहेब मधे मधे विचारत, मामा मराठीत सांगत, साहेब मान हलवत. दोघांना एकमेकांचं पुरतं कळत होतं.

मामांची बाजू सावरते आहे हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एकेक चूक निघत होती तसे आजोबा माझ्यासमोर उघडे पडत होते. आणि मामांनी परत केळीवर बोट ठेवलं तेव्हा मला राहवलं नाही.

"एखादवेळी असेलही," मी म्हणालो. "आजोबा फार हिंडलेले होते. घाटनांदुराकडं कुठं फांद्यांची केळ पाहिली असेल."

साहेब वळले. "मियाँ, तुमकू कौन पूछा? चुप बैठो."

"बसा की गप," दाराआडून आलं.

मी बसलो. मामा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यापाशी पोचले होते, अगदी खाली, जिथं मी माती ओढली होती. तिथं ते एकदम गुडघ्यावर बसले. अंगठ्यानं वाळलेली माती झाडली.

"ह्ये न्हाई चुकलं," ते म्हणाले.

तिथं काटेरिंगणी होती. रस्त्याच्या कडेला भुईसरपट पसरते ती काटेरी, जांभळ्या फुलाची. टाचेत मोडते आणि माणूस शिवी देतो. मी इतके दसरे तो पडदा झटकला, मला तिथं ती आहे हे माहीतसुद्धा नव्हतं.

"पानाच्या शिरंवर काटं हाईत बघा, वर बी आन् खाली बी. मदी पिवळं क्येसर, पाच. धरून मोजा," मामा साहेबांना सांगत होते. "ह्ये हुब्यानं दिसत न्हाई. त्यो मानूस भुईवर पालथा पडून बघत व्हता. बाकीचं समदं कुनाचं तरी बगून काढलं आसंल. ह्ये त्येनं सोता बघितलंय."

साहेबही वाकले. भिंग लावून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाले, "हौ. ये सच है."

मी जागचा उठलो नाही. माझे आजोबा, देशमुखांच्या बैठका रंगवणारे, रस्त्यात पालथे पडून काट्यांकडं बघताहेत असं मला दिसत होतं. बैठकीच्या भिंतीवर काटेरिंगणी कोण मागणार? नमुन्यात ती घालायचं काही कारण नव्हतं. मला वाटतं, उगाच घातली असावी. कोपऱ्यात जागा उरली म्हणून.

साहेब उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "वो फूल की जड़ें दिखाओ."

परत बंगल्यावर. मामांनी त्या फुलाची कुंडी आडवी करून साहेबांपुढं मोकळी केली. बुडाशी नवे कोंब आले होते, पांढरी मुळं जाळीसारखी. साहेबांनी माती चिमटीत घेतली, हुंगली, चोळली. काय टाकलंय विचारलं. मामांनी सांगितलं. कोंब किती येतील विचारलं. मामांनी सांगितलं. मी लांब उभा होतो, कारण मला लांब उभं राहायला सांगितलं होतं.

"होली के बाद आ जाओ," साहेब म्हणाले. "हुकूम मैं भेजता हूँ. तालुकदारसाहेब को भी लिखता हूँ." मग त्यांनी खिशातून फोटो काढून माझ्या हातात दिला.

"आप निकाले?"

"जी हुजूर."

"बहुत अच्छा निकाले. अब नक्को निकालो."

मोटार गेली. धूळ बसेपर्यंत मामा तिथंच उभे होते. मग विहिरीवर जाऊन त्यांनी तोंड धुतलं, आणि ते जरा जास्तच वेळ धूत होते. माझ्याकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बायकोचा आवाज कानात होता.

सांजच्याला ते आमच्याकडं आले. हातात टपालाचं कोरं कार्ड.

"लेकीला लिवायचं हाय."

मी बोरू टोकदार केला, शाई ढवळली, कार्ड मांडीवरच्या पाटीवर ठेवलं. चिरंजीव सौभाग्यवती वगैरे लिहून झालं. "हं, सांगा मामा."

"मी येतोय."

मी लिहिलं. वाट पाहिली.

"पुढं?"

"झालं."

"अहो, झालं काय? जागा लागली, साहेब स्वतः आले, फुलाची तारीफ केली, हे नको? होळीनंतर येणार, हे तरी?"

"ती समजंल. येतोय म्हनल्यावर ती मोजीत बसंल रोज. तिची आई बी तशीच व्हती." मामा पुढं सरकून माझ्या अगदी समोर बसले, मांडीला मांडी लावून, आणि माझ्या बोटांकडं बघू लागले. त्यांना वाचता येत नव्हतं. मोजता येत होतं.

"'मी येतोय'. अक्षरं चार न्हवं?"

"चार."

"मग चारच ऱ्हाऊ द्या. मदी काय बी घालू नगा."

कार्ड जवळजवळ सगळंच कोरं होतं. पांढरं स्वच्छ, चार बोटं नाही, चांगलं वीतभर. मी बोरू उचलून धरला होता आणि त्याच्या टोकाशी शाई जमत होती. मामांची नजर तिच्यावरून हलेना. शेवटी मी बोरू दौतीत ठेवला आणि पत्ता लिहायला कार्ड उलटं केलं.

"पत्त्यात बी नगा," मामा म्हणाले.